मक्याच्या बांधाला लागून घर घेताना

शिकागोहून पश्चिमेला जाणाऱ्या युनियन पॅसिफिक वेस्ट या लोकलमार्गावर घरांच्या किमती स्टेशनागणिक उतरत जातात. आमच्या ऐपतीत ओक पार्कला दोन खोल्यांचा फ्लॅट बसत होता, व्हीटनला डागडुजीला आलेलं छोटं घर, जिनीव्हाला दोन्ही बाजूंच्या भिंती सामाईक असलेलं टाउनहाउस. जिनीव्हानंतर ला फॉक्स, आणि मग एल्बर्न. तिथून रूळ पुढे आयोवाकडे जातात, पण लोकल संपते. एल्बर्नला तेवढ्याच पैशांत चार खोल्या, तळघर, मागे अंगण आणि अंगणापलीकडे थेट मका होता.

नेपरव्हिलला भाड्याच्या घरात राहून आम्हाला बरीच वर्षं झाली होती. माझं ऑफिस शिकागोच्या मध्यवस्तीत, या लोकलच्या शहरातल्या शेवटच्या ऑगिल्व्ही स्टेशनापासून पायी जाण्याजोगं, आणि नवऱ्याची नोकरी ऑरोऱ्याला. एल्बर्न दोघांनाही जमण्यासारखं होतं. मित्रमंडळींना मात्र ते पटेना. "तिथे आहे काय? नुसती शेतं!" असं जो तो म्हणायचा. घर घेण्याच्या त्या सगळ्या खटाटोपात मी जे शिकले ते बहुतेक त्या नुसत्या शेतांबद्दलच होतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एल्बर्न शिकागोपासून सुमारे ४४ मैलांवर, केन काउंटीत आहे. २००० च्या जनगणनेत इथे २,७५६ माणसं होती, २०१० मध्ये ५,६०२ आणि २०२० मध्ये ६,१७५. पहिल्या दहा वर्षांत गाव दुपटीने वाढलं. जानेवारी २००६ मध्ये लोकल जिनीव्हाच्या पुढे इथवर आली, त्याआधी इथले लोक गाडी घेऊन जिनीव्हा गाठायचे. रेल्वे येणार म्हणून बिल्डरांनी आधीच जमिनी धरल्या होत्या. मग २००८ ची मंदी आली आणि सगळं थबकलं. आमची वसाहत त्याच भरभराटीच्या वर्षांतली.

तरीही गाव रेल्वेला नवीन नाही. १८५० च्या दशकात इथे रूळ पडले आणि स्टेशनाभोवतीच वस्ती झाली. तेव्हा त्याचं नाव ब्लॅकबेरी स्टेशन होतं. फॉक्स नदीच्या खोऱ्यातलं दूध याच रुळांवरून शिकागोला जायचं. आज इथून माणसं जातात, आणि त्याच रुळांवरून एकावर एक कंटेनर रचलेल्या मैल मैल लांबीच्या मालगाड्या रात्रंदिवस धावतात. राज्य महामार्ग ३८ आणि ४७ गावात एकमेकांना छेदतात. मेन स्ट्रीट एका दमात चालून संपते. तिच्यावर रीम्सचं मांसाचं दुकान आहे आणि त्याच्या सॉसेजसाठी लोक दुरून येतात. किराणा, पटेल ब्रदर्स हे भारतीय वाणसामानाचं दुकान, कपडे, सिनेमा यांसाठी पूर्वेला रँडल रोड किंवा नेपरव्हिल गाठावं लागतं. बालाजीचं देऊळ ऑरोऱ्याला, गाडीने फार लांब नाही. पश्चिमेला डीकाल्ब, जिथल्या जोसेफ ग्लिडनने १८७४ मध्ये काटेरी तारेचं पेटंट घेतलं. आमच्या निफाडकडच्या प्रत्येक मळ्याला जी तार असते तिचं मूळ इतक्या जवळ सापडेल असं वाटलं नव्हतं.

घर पसंत पडलं त्या रात्री आबांना फोन केला. आबा म्हणजे माझे वडील. निफाड तालुक्यात आमची काळी जमीन आहे, कांदा आणि द्राक्षं. मी खोल्या सांगितल्या, तळघर सांगितलं, किंमत सांगितली. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मागचं रान उंच आहे का तुमचं घर उंच?"

"रान थोडं उंच असेल. सपाटच दिसतं सगळं."

"दिसतं सपाट, पण पाणी बरोब्बर उतार शोधतं. निचरा कुठे होतो ते विचार आधी. खोल्या काय, नंतरही मोजता येतात."

त्या वेळी मी हो म्हटलं आणि विसरले नाही, एवढं बरं झालं. कारण पुढचे दोन महिने त्या एका प्रश्नाभोवतीच फिरले.

आमची एजंट गावातलीच, मोठी मोकळी बाई. तिने घराच्या मालकाला आमचा देकार दिला, घासाघीस झाली, आकडा ठरला आणि आम्ही इसार भरला. इथे इसाराची रक्कम विकणाऱ्याच्या हातात जात नाही, तिसऱ्या पक्षाकडे राखून ठेवतात. शिकागोच्या परिसरात घरखरेदीत दोन्ही बाजूंना वकील असतो. सह्या झाल्यावर साधारण पाच कामकाजाचे दिवस वकिलांना करार तपासायला मिळतात आणि तेवढ्या मुदतीत त्यातली कलमं बदलून घेता येतात. याच दिवसांत घराची तपासणीही उरकायची असते. मी वकिलाला पहिल्याच बैठकीत निचऱ्याचं विचारलं. तो कागदांतून मान वर काढून म्हणाला की पाण्याबद्दल आधी विचारणारे थोडे असतात, बाकीचे पहिल्या मोठ्या पावसानंतर फोन करतात. मग त्याने प्लॅट समोर पसरला.

प्लॅट म्हणजे मोजणीचा नकाशा. आमच्या प्लॉटच्या मागच्या कडेला तुटक रेघांचा एक पट्टा होता. हा पट्टा आमच्याच मालकीचा, पण त्यावर निचऱ्याची वहिवाट होती. तिथे शेड बांधायची नाही, भर घालायची नाही, झाडांची दाट ओळ लावायची नाही. शेताकडून उतरणारं पाणी त्या पट्ट्यातून वसाहतीच्या तळ्याकडे जातं. ते तळं शोभेचं नाही, पावसाचं पाणी अडवून हळूहळू सोडण्यासाठी खणलेलं आहे. त्याच्या देखभालीचा खर्च कुणाकडे, हेही वकिलाने शोधून दिलं. इलिनॉयमध्ये जुना नियम आहे: वरच्या जमिनीचं पाणी नैसर्गिक उताराने खाली येत असेल तर खालच्या जमिनीने ते घ्यायलाच हवं. आमचं घर खालचं होतं. बांधावरून पाण्यासाठी होणारी भांडणं मी लहानपणापासून पाहिली आहेत, त्यामुळे कराराच्या बाकी कलमांपेक्षा मला हा नियम चटकन उमगला.

पण खरी गोष्ट नकाशावर नव्हतीच. ती जमिनीखाली होती आणि ती मला तपासनिसाने सांगितली.

तो सकाळी आला, छपरावर चढला, विजेचा बोर्ड उघडला, आणि मग बराच वेळ तळघरातच राहिला. तळघराच्या कोपऱ्यात एक खड्डा असतो, सम्प म्हणतात त्याला. पायाभोवतीच्या नळ्यांतून झिरपणारं पाणी त्यात साचतं आणि पंप ते बाहेर फेकतो. त्याने बादलीभर पाणी ओतून पंप चालतो का ते पाहिलं. वीज गेली तर चालवायला बॅटरीचा दुसरा पंप नाही हे टिपून घेतलं. मग मला म्हणाला की हे घर कोरड्या जमिनीवर आहे असं समजू नका, इथली कोरडी जमीन माणसांनी केलेली आहे.

मग बोलता बोलता त्याने हा प्रदेश उलगडून दाखवला. उत्तर इलिनॉयची ही माती गवताळ प्रदेशाची, काळी, खोल, भारी. राज्याची अधिकृत माती ठरलेली 'ड्रमर' हीसुद्धा अशीच पाणथळ जागेतली काळी चिकणमाती आहे. वसाहतकार आले तेव्हा इथल्या सखल भागात वसंतात पाणी उभं असायचं, नांगर रुतायचा. एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांनी तीन-चार फूट खोल चर खणून भाजलेल्या मातीच्या फूटभर लांबीच्या नळ्या एकापुढे एक मांडल्या. दोन नळ्यांच्या सांध्यातून पाणी आत शिरतं आणि उताराने ओढ्याला मिळतं. याला इथे टाइल म्हणतात. एकट्या शेतकऱ्याला हे जमत नव्हतं, कारण पाणी शेवटी शेजाऱ्याच्या शेतातूनच जायचं. म्हणून १८७९ मध्ये राज्याने कायदे करून निचरा-मंडळं स्थापण्याची सोय केली. मंडळाला कर बसवता येतो, चर काढता येतो. आज मैलोन् मैल पसरलेला मका आणि सोयाबीन दिसतो तो या न दिसणाऱ्या नळ्यांच्या जिवावर उभा आहे.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे कालव्याच्या पाण्याने चोपण झालेली आमच्याकडची रानं येत होती. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या खारवटलेल्या जमिनीत आता सच्छिद्र पाइप पुरून निचरा करतात. आबांनी त्याबद्दल कितीदा विचारपूस केली होती, पण खर्चापुढे थांबले. इथे तेच काम दीडशे वर्षांपूर्वी सुरू झालं आणि ते कुणी संपूर्ण बंद केलंच नाही. शेताची वसाहत झाली तरी खालच्या नळ्या राहतात. बांधकामात काही तुटतात, काही बुजतात, काही नव्या गटारांना जोडून घेतात. घर घेणाऱ्याला त्यातलं काही दाखवत नाहीत, कारण बहुतेकांना ते विचारायचं सुचतच नाही.

तपासणीत आणखी एक निघालं, रेडॉन. मातीतून वर येणारा हा किरणोत्सारी वायू तळघरात साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते एक कारण आहे. विकणाऱ्याने त्याबद्दल माहिती असेल ती लेखी द्यावी असा राज्याचा कायदा आहे. आमच्या चाचणीचा आकडा लिटरला चार पिकोक्युरी या केंद्राच्या मर्यादेच्या वर आला. करारात दुरुस्ती मागितली, आणि विकणाऱ्याने जमिनीखालून छपरावर जाणारी नळी व पंखा बसवून दिला. ज्यांना तळघर आहे त्यांनी ही चाचणी टाळू नये, एवढंच इथे सांगते.

मग कर. आबांचा दुसरा प्रश्न "पट्टी किती?" हा होता, आणि त्याचं उत्तर द्यायला मला स्वतःलाच आधी शिकावं लागलं. इलिनॉयमध्ये घरपट्टी एक वर्ष मागे चालते, म्हणजे गेल्या वर्षाची पट्टी या वर्षी भरायची. त्यामुळे विकणाऱ्याच्या काळातली, अजून न आलेली पट्टी तो व्यवहाराच्या दिवशी आपल्याला वळती करून देतो. घराचं करमूल्य बाजारभावाच्या एक तृतीयांश धरतात आणि त्यावर शाळा, काउंटी, व्हिलेज म्हणजे गावाचा कारभार पाहणारी संस्था, वाचनालय, अग्निशमन असे सगळे आपापला दर लावतात. बेरीज घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या वर जाते. दरसाल. सगळ्यात मोठा वाटा शाळेचा, आमच्याकडे केनलँड या शालेय जिल्ह्याचा. या जिल्ह्याचं हायस्कूल केस्लिंगर रोडवर चहूकडून शेतांनी वेढलेलं आहे आणि तिथे अनेक गावांची मुलं बसने येतात.

शेतजमिनीची पट्टी मात्र बाजारभावावर नाही, तिच्या उत्पादनक्षमतेवर ठरते. काही शेजारी यावर कुरकुरतात. मला ती तक्रार मुळीच पटत नाही. मक्याच्या एकराला बिल्डरच्या भावाने पट्टी लावली तर कुठल्याही शेतकऱ्याला ते रान विकावंच लागेल, आणि त्याजागी येणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी शाळा बांधायला पुन्हा आपलीच पट्टी वाढेल.

वकिलाने आणखी एक कागद वाचायला लावला. १९८१ चा राज्याचा कायदा आहे: एखादं शेत वर्षाहून जास्त काळ चालू असेल आणि नंतर शेजारी वस्ती आली, तर केवळ परिसर बदलला म्हणून त्या शेताला उपद्रव ठरवता येत नाही. निष्काळजीपणा असेल तर गोष्ट वेगळी. खटला भरून हरलात तर शेतकऱ्याच्या वकिलाचा खर्चही तुमच्या माथी. तो म्हणाला, "धूळ, वास, रात्रीचे दिवे, आवाज. हे सगळं तुमच्याआधीपासून इथे आहे. चालणार असेल तरच सही करा." आम्ही दोघांनी आनंदाने सही केली.

व्यवहाराच्या आधी निदान तीन कामकाजाचे दिवस हिशोबाचा अंतिम कागद हाती यावा लागतो. तो आला, बँकेशी एक-दोन आकड्यांवरून फोनाफोनी झाली, शेवटची फेरी मारून घर पाहिलं, मालकीहक्क तपासणाऱ्या टायटल कंपनीच्या टेबलावर सह्यांचा ढीग उरकला आणि किल्ल्या मिळाल्या. सातबारा-फेरफाराच्या मानाने हे फार लवकर झालं असं आबांना वाटलं. त्यावर फार काही लिहिण्यासारखं नाही.

राहायला गेल्यावरचं पहिलं वर्ष मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण गाव कळलं ते त्यात.

लोकल सकाळी एल्बर्नहूनच सुटते, गाड्या रात्री इथेच उभ्या असतात, त्यामुळे बसायला जागा हमखास. डबे दुमजली. वरच्या मजल्यावर एकेकट्या आसनांची ओळ, तिथे मी बसते. या मार्गावर गाड्या डाव्या बाजूने धावतात, आपल्याकडच्यासारख्या. अमेरिकेत हे क्वचित दिसतं, शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न या जुन्या कंपनीची ती रीत होती आणि ती टिकून आहे. ऑगिल्व्हीला पोचायला तासाहून बराच जास्त वेळ लागतो. ला फॉक्सपर्यंत शेतं, मग फॉक्स नदी, आणि व्हीटनच्या पुढे शहर दाट होत जातं. त्या डब्यात ओळखी होतात. कोणाची तरी मुलगी केनलँडला व्हॉलीबॉल खेळते, कोणाच्या वडिलांनी याच रुळांवर नोकरी केली. डब्यातल्या बहुतेकांना आपल्या घरामागचं शेत कोण कसतं ते ठाऊक नसतं, हे मला अजूनही खटकतं.

हिवाळ्यात स्टेशनपर्यंतचे दोन मैलच सगळ्यात अवघड. पीक निघालेल्या उघड्या रानावरून वारा बर्फ लोटत आणतो आणि रस्त्यावर आडवे ढीग घालतो. आकाश निळं असतं, बर्फ पडत नसतो, तरी पुढची गाडी दिसत नाही. कुठल्या शेताच्या कडेला झाडांची रांग आहे आणि कुठे नाही, हे मी त्या महिन्यांत पाठ केलं. वसंतात दुसरी अडचण, पेरणीची अवजारं. मागे केशरी त्रिकोण लावलेला ट्रॅक्टर सबंध रस्ता व्यापून चालतो आणि त्याच्यामागे नोकरदारांच्या गाड्यांची रांग लागते. काही लोक हॉर्न वाजवतात. तो माणूस पेरणीच्या मोजक्या कोरड्या दिवसांमागे धावत असतो. गाडी चुकली तर तासाभराने दुसरी मिळते, वाफसा गेला तर कधी कधी हंगामच हातचा जातो.

एप्रिलच्या शेवटी अमोनियाच्या खताचा उग्र वास आला, मे मध्ये मका उगवला, जुलैत घराच्या खिडकीतून फक्त मकाच दिसायला लागला. ऑगस्टमध्ये लायन्स पार्कला 'एल्बर्न डेज' भरतात, लायन्स क्लब ते चालवतो. मिरवणूक, खाणं, चिखलातला व्हॉलीबॉल. आम्हाला तिथे पहिल्यांदा नावाने ओळखणारी माणसं भेटली. ऑक्टोबरमध्ये मध्यरात्रीपर्यंत कम्बाइनचे दिवे आणि धान्य वाळवण्याच्या पंख्यांची घरघर. कायद्यातला एकेक शब्द आता कानांनी-नाकाने कळत होता. मला त्या आवाजात झोप छान लागते. आमच्या गावी मळणीच्या दिवसांत असंच असायचं.

पुढच्या वसंतात आमच्या मागच्या बांधाशी शेतात पाणी साचलं. भोवतालचं रान वाळलं तरी तेवढा तुकडा चमकत राहिला आणि तिथला मका पिवळा पडला. एका संध्याकाळी शेत कसणारा माणूस दारात आला. साठीच्या पुढचा, टोपी हातात घेऊन उभा. तो म्हणाला की टाइल कुठेतरी तुंबली आहे, आणि त्याच्या अंदाजाने ती जागा तुमच्या वहिवाटीच्या पट्ट्यात आहे, खोदू द्याल का?

मी त्याला आत बोलावलं, प्लॅट काढून टेबलावर ठेवला. त्याने तो बघितला आणि हसून म्हणाला की यावर टाइल नाही, टाइल माझ्या वडिलांच्या डोक्यात होती. हे रान त्याच्या मालकीचंही नव्हतं. मालकीण बाई दुसऱ्या राज्यात राहते, हा वर्षाच्या खंडाने कसतो. इलिनॉयमध्ये शेतीचा मोठा भाग असा खंडाने कसला जातो आणि आपल्या कूळकायद्यासारखं कुळाला जमीन मिळवून देणारं काही नाही. वर्ष संपण्याआधी चार महिने नोटीस दिली की खंड संपला. तरीही हा माणूस दुसऱ्याच्या जमिनीखालची नळी दुरुस्त करायला आला होता. नळीचा पैसा मालकिणीचा, मेहनत याची, अशी त्यांची बोली होती.

खोदण्याआधी ८११ ला फोन करून विजेच्या तारा, गॅस, पाणी यांच्या खुणा करून घ्याव्या लागतात, ती सेवा फुकट आहे. पण टाइलची खूण कुणी करत नाही, ती खासगी. त्यासाठी त्याने लांब लोखंडी सळई आणली आणि पाऊल पाऊल टोचत गेला. भाजलेल्या मातीवर सळई आदळली की वेगळा आवाज येतो. छोटं खोदयंत्र आलं. साडेतीन फुटांवर नळी सापडली: लालसर, हाताएवढी रुंद. वसाहत बांधताना कुणाच्या तरी यंत्राने तिचे तीन-चार तुकडे चिरडले होते आणि वर माती लोटून दिली होती. तेव्हापासून पाणी कसंबसं झिरपत होतं, आता ते तुकडे मुळांनी आणि गाळाने बुजले. त्याने तेवढा भाग कापून छिद्रांचा काळा प्लास्टिकचा पाइप जोडला. जोड घालताच पाणी आवाज करत धावलं, आणि मला तेव्हा कळलं की आमचा सम्प पंप त्या वसंतात एवढा का चालत होता. पुढच्या आठवड्यापासून तो निम्म्याहून कमी वेळा चालू लागला. त्याची टाइल आणि आमचं तळघर यांचं पाणी एकच होतं.

आम्ही खर्चातला वाटा द्यायला काढला, त्याने घेतला नाही. मी कांद्याची थालीपीठं दिली, ती घेतली. नवऱ्याने जागेची मापं घेऊन प्लॅटवर लाल रेघ काढली, खोली लिहिली, आणि त्याची एक प्रत त्या माणसाला, एक व्हिलेजच्या कार्यालयात दिली. आबांना मी फोटो पाठवले. त्यांनी नळीचा व्यास विचारला, उतार विचारला, प्लास्टिकच्या पाइपाचा फुटाचा भाव विचारला.

या सगळ्यानंतर मला त्या काउंटीच्या जमिनीच्या धोरणात रस वाटू लागला. केन काउंटीने २००१ मध्ये शेतजमीन राखण्याची योजना सुरू केली, अशी योजना करणारी ती इलिनॉयमधली पहिली काउंटी. शेतकरी जमीन विकत नाही, फक्त तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क काउंटीला विकतो. मोबदला घेतो आणि ते रान कायमचं शेतीसाठी राखलं जातं, पुढच्या मालकांनाही ते बंधन असतं. पैसा येतो एल्जिनच्या फॉक्स नदीवरच्या कसिनो बोटीच्या उत्पन्नातून, आणि जोडीला केंद्राचा निधी. हजारो एकर असे राखले गेले आहेत. जुगाराच्या पैशाबद्दल माझं मत चांगलं नाही, पण त्याचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

आमच्या मागचं शेत त्या योजनेत नाही. गावाच्या कडेची, स्टेशनाजवळची रानं एकेक करून घरांसाठी मागितली जात आहेत. शेतावर सार्वजनिक सुनावणीची पाटी लागते, व्हिलेजच्या नियोजन समितीपुढे बिल्डर नकाशे घेऊन येतो. अशा एका सुनावणीला मी गेले. लोक वाहतुकीवर बोलले, घरांच्या किमतीवर बोलले, एकजण खिडकीतून दिसणाऱ्या हिरवाईबद्दल फार कळवळून बोलला. मी घरांच्या विरोधात नाही. माझं घरही कुणाच्या तरी मक्याच्या रानावर उभं आहे, आणि लोकलच्या टोकाशी घरं नसतील तर ती आणखी दूर, रेल्वे नसलेल्या रानांत जातील. पण माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं की या रानाखालच्या टाइलचा शोध घेतला आहे का, ती कुठे तोडणार, कुठे जोडणार, आणि वरच्या शेताचं पाणी कुठून जाणार. केन काउंटीच्या पावसाळी पाण्याच्या नियमांत नव्या वसाहतीसाठी असा शोध घेऊन नकाशा काढणं अपेक्षित आहे. बिल्डरच्या इंजिनिअरने नकाशा तयार होत असल्याचं सांगितलं. समितीच्या अध्यक्षांनी माझा प्रश्न नोंदवून घेतला.

मागच्या ओळीत आमचा तो शेतकरी बसला होता. सभा संपल्यावर त्याने वडिलांच्या आठवणीतल्या दोन जुन्या नळ्यांच्या जागा मला सांगितल्या, एक त्याच रानातून तिरकी जाणारी. मी त्या लिहून घेतल्या आहेत. पुढच्या सुनावणीत इंजिनिअरचा नकाशा आला की त्याच्यावर त्या दोन रेघा आहेत का ते आम्ही दोघं मिळून पाहणार आहोत.